घरातलं फेस्त : संत जोसेफ वाझ यांची गोष्ट

जानेवारी उजाडला की सांकवाळला नोव्हेना सुरू होतात आणि १६ तारखेला संत जोसेफ वाझ यांचं फेस्त होतं. त्या दिवशी वाटेवर चालत जाणारी कुटुंबं दिसतात. एका हातात मेणबत्त्यांची पिशवी, दुसऱ्या हातात लहान मुलाचं बोट. गोव्यात फेस्तांना काही तोटा नाही. पण या फेस्ताची एक गोष्ट वेगळी आहे. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला लोक जातात, तिथे त्याचं शव आहे. जोसेफ वाझ यांची कबर मात्र आज कुणालाच दाखवता येत नाही. त्यांचं शरीर परदेशातल्या मातीत कुठेतरी मिसळून गेलं. मग त्यांची आठवण तीनशे वर्षं टिकली कशी?

याचं उत्तर त्यांच्या आयुष्यातच आहे. फार मोठं देऊळ, मोठी इगर्ज, मोठं आसन असं काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. त्यांचं बरंच काम लोकांच्या घरात झालं, तेही रात्री, दार लावून.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीला, आईच्या माहेरी झाला. आई मारिया दे मिरांडा, वडील क्रिस्तोव्हांव वाझ. वडिलांचं गाव सांकवाळ. कुळ मूळचं ब्राह्मण, काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेलं. सहा भावंडांत हे तिसरे. बाप्तिस्मा बाणावलीच्या इगर्जीत झाला. घरात त्यांना जुझे म्हणत असणार, कारण आजही गोव्यातल्या माणसांच्या तोंडी संत जुझे वाझ हेच नाव आहे. पोर्तुगीज सांकवाळला शिकले, लॅटिन बाणावलीला आणि पुढचं शिक्षण जुन्या गोव्यात.

इथे सांकवाळबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट अर्धवट कळेल. याच गावात पूर्वी लक्ष्मीनरसिंहाचं देऊळ होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने सासष्टीतली देवळं पाडायला सुरुवात केली, तेव्हा गावकऱ्यांनी आपला देव उचलला आणि जुवारी नदीपलीकडे वेलिंगला नेला. तिथे तो आजही आहे. शेजारच्या कुठ्ठाळीचा मंगेश असाच प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. देव गेला तरी मागे राहिलेल्यांच्या मनातून सण एकदम जात नाही. गोव्यात तेव्हा इन्क्विझिशन होतं. घरात जुन्या रीतीने काही केलं तरी शिक्षा होऊ शकत होती. म्हणजे सत्तेच्या भीतीने दार लावून देवाचं नाव घ्यायचं ही गोष्ट या मातीला नवी नव्हती. पुढे आपल्याच गावचा मुलगा दुसऱ्या देशात तेच करणाऱ्या माणसांकडे जाणार आहे, फक्त तिथे लपणारे कॅथलिक असणार आहेत, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसेल.

१६७६ साली जोसेफ वाझ धर्मगुरू झाले. त्यानंतर ते अनवाणी फिरू लागले. गरीब माणूस जसा चालतो तसं आपणही चालायचं, एवढंच त्यामागचं कारण. सांकवाळला त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी एक पत्र लिहून स्वतःला मारियामातेचा गुलाम म्हणून अर्पण केलं. त्या काळच्या गोव्यात गुलाम हा शब्द नुसता अलंकार नव्हता. बाजारात माणसं खरोखर विकली जात होती. उच्च कुळातल्या तरुण पाद्रीने स्वतःला तो शब्द लावून घेणं याचा अर्थ तेव्हाच्या वाचणाऱ्याला नीट कळला असेल.

१६८१ ते १६८४ ते कानडा प्रांतात होते. मंगळूर, बसरूर, कुंदापूर, गंगोळी या भागात विखुरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना एकत्र आणायचं काम त्यांनी केलं. परत आले तेव्हा जुन्या गोव्यात काही स्थानिक धर्मगुरू एकत्र राहू लागले होते. युरोपातून आलेले संघ तेव्हा इथल्या तरुणांना आपल्यात घेत नसत. म्हणून या लोकांनी आपला स्वतःचा गट उभा केला. १६८५ मध्ये जोसेफ वाझ त्यात गेले आणि त्यांनाच प्रमुख करण्यात आलं. भारतीय धर्मगुरूंनी स्वतःच्या बळावर चालवलेला हा ऑरेटरी संघ. मान होता, जागा होती, आयुष्य तिथे सुखाने गेलं असतं. पण मनात सिलोन होतं.

सिलोन म्हणजे आजची श्रीलंका. तिथल्या किनाऱ्यावर आधी पोर्तुगीजांची सत्ता होती, तोवर इगर्जी होत्या, फेस्तं होती, मिरवणुका होत्या. १६५६ मध्ये डचांनी कोलंबो घेतलं आणि १६५८ मध्ये जाफना. डचही ख्रिस्तीच, पण कॅल्विन पंथाचे. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिलं, इगर्जी ताब्यात घेतल्या आणि पाद्रीला घरात थारा देणं हा गुन्हा ठरवला. तेव्हापासून जवळपास तीस वर्षं तिथल्या कॅथलिकांना मिस्सा नव्हती, पाप कबूल करायला कुणी नव्हतं. लहान मुलांना फेस्त म्हणजे काय ते फक्त आजी-आजोबांच्या सांगण्यातून कळत होतं.

१६८६ मध्ये जोसेफ वाझ गोव्यातून निघाले. बरोबर जुआंव नावाचा एक तरुण सेवक होता. किनाऱ्या-किनाऱ्याने दक्षिणेकडे चालत, मिळेल तिथे राहत ते तुतिकोरिनला पोचले. तिथून १६८७ मध्ये मजुराच्या वेशात जहाजावर चढले. धर्मगुरूचे कपडे घातले असते तर उतरताक्षणी पकडले गेले असते. जाफन्याला पोचले तेव्हा दोघेही आमांशाने बेजार झाले होते. साथ पसरेल म्हणून लोकांनी त्यांना वस्तीबाहेर एका झोपडीत टाकलं. एका बाईने पेज आणून घातली म्हणून ते वाचले, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. गोव्याच्या माणसाला परक्या देशात पहिला घास मिळाला तो पेजेचा.

मग खरा प्रश्न आला. या गावात कॅथलिक कोण आणि डचांचा खबऱ्या कोण, हे ओळखायचं कसं? विचारायची सोय नाही. तेव्हा त्यांनी गळ्यात एक मोठी जपमाळ घातली आणि भिकाऱ्यासारखे दारोदार फिरू लागले. भीक मागायची आणि दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. बहुतेकांना त्या माळेचं काही नसायचं. पण एखाद्या घरी कुणाची नजर माळेवर अडकायची, हात थांबायचा. त्या घरी ते पुन्हा जायचे. असं करता करता एका घरी खात्री पटली आणि त्यांनी आपण पाद्री आहोत हे सांगितलं. त्या घराने दुसरं घर सांगितलं, दुसऱ्याने तिसरं. सिल्लालै नावाच्या गावात त्यांनी मुक्काम केला. दिवसा लपायचं, रात्री एखाद्या घरात आल्तार मांडायचा, मिस्सा करायची, मुलांना बाप्तिस्मा द्यायचा आणि उजाडायच्या आत निघून जायचं.

मित्रांनो, त्या घरातल्या फेस्ताची कल्पना करून बघा. आपल्याकडे फेस्त म्हणजे बँड, दिवे, खाजें, पाहुणे. तिथे दारावर घरातलाच कुणीतरी राखण करत उभा. गाणं म्हणायचं तेही हळू आवाजात. लहान मूल रडलं तरी आईच्या पोटात गोळा. एका नाताळच्या रात्री डच शिपायांनी खरंच धाड घातली. लोकांना घरांतून पकडलं, मूर्ती फोडल्या, कित्येकांना कैदेत आणि सक्तमजुरीला पाठवलं. त्यातले काही परत आले नाहीत. वाझ निसटले. पण ज्यांच्या घरात मिस्सा होणार होती त्यांना पळून जायला कुठे जागा होती? घर तिथेच, शेत तिथेच. संताच्या चरित्रात या घरांची नावं सहसा येत नाहीत. मला वाटतं ती यायला हवी होती.

तिथून ते पुत्तलमला गेले, म्हणजे कँडीच्या राजाच्या मुलखात. १६९२ मध्ये राजधानी कँडीला पोचले तर पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैद झाली. कैदेत त्यांनी वेळ वाया घालवला नाही, सिंहली भाषा शिकले. पहारा सैल होत गेला तसं तिथेच आल्तार उभं राहिलं. राजा विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध. दुष्काळ पडलेला असताना वाझ यांनी प्रार्थना केली आणि पाऊस आला, तेव्हापासून राजाने त्यांना आपल्या राज्यात मोकळं फिरू दिलं, असं सांगतात. पावसाची कथा ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. पण ख्रिस्ती डचांनी ज्याला हाकललं त्याला एका बौद्ध राजाने आसरा दिला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. घरच्याच माणसांनी रोग्यांना टाकून जावं अशी वेळ होती. वाझ त्यांच्याजवळ राहिले, त्यांना धुतलं, भरवलं, मेलेल्यांना पुरलं. कोण कुठल्या धर्माचा हे विचारलं नाही. त्याच सुमाराला गोव्यातून त्यांच्या मदतीला आणखी धर्मगुरू येऊ लागले. १७०५ मध्ये दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोंसाल्विस आले. त्यांनी सिंहली आणि तमीळमध्ये एवढं लिहिलं की सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचा पाया त्यांनीच घातला असं मानतात.

पण पाद्री येणार किती आणि पोचणार कुठे? एखाद्या गावी वर्षातून एकदाच जाणं व्हायचं. म्हणून वाझ यांनी गावोगावी साध्या संसारी माणसांवर काम सोपवलं. प्रार्थना सांगणाऱ्याला तिकडे अण्णावी म्हणत. पाद्री नसताना हा अण्णावी लोकांना जमवायचा, मुलांना शिकवायचा, संतांचे दिवस लक्षात ठेवायचा. प्रार्थना लोकांच्या भाषेत, सिंहलीत आणि तमीळमध्ये आणल्या गेल्या, कारण घरात म्हणायची गोष्ट घरच्या भाषेतच लागते. लॅटिन शिकलेल्या या माणसाला हे नीट कळलं होतं.

चोवीस वर्षांत ते एकदाही गोव्याला परतले नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीलाच त्यांचा देह पडला. पुढे राजे बदलले, धोरण बदललं, कँडीतली इगर्ज गेली, कबरीची खूणही गेली. राहिली ती घरं. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत त्यांना धन्य घोषित केलं आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिथेच संत म्हणून. मधल्या तीनशे वर्षांत कुणीतरी कुणाला तरी, जेवणानंतर, झोपायच्या आधी ही गोष्ट सांगत आलं म्हणूनच हे होऊ शकलं.

आज गोव्यात घरोघरी माणसं कमी होत चालली आहेत. कुणी आखातात, कुणी पोर्तुगालला, कुणी लंडनला. मोठ्या घरात संध्याकाळच्या तेर्साला दोनच म्हातारी माणसं असतात, असं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. फेस्ताला मुलं येतात, फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी विमान पकडतात. त्यांना दोष देऊन काही होणार नाही, वाझ स्वतःही घर सोडूनच गेले होते. पण ते जिथे गेले तिथे कुणाच्या तरी घरी त्यांनी मेणबत्ती लावली.

तेवढं आपल्यालाही जमेल. १६ जानेवारीला सांकवाळला जाता आलं तर उत्तमच. नाही आलं तर जिथे असाल तिथे, भाड्याच्या खोलीत का होईना, एक मेणबत्ती लावा, घरातल्यांना जवळ बसवा आणि गळ्यात माळ घालून भीक मागणाऱ्या त्या माणसाची गोष्ट सांगा. जमलं तर शेजाऱ्यालाही बोलवा, मग तो कुठल्याही देवाचा असो. आणि त्या रात्री जेवायला पेज केलीत तर फारच छान.