विश्लेषण : पाण्याखालचा श्वास सोपा करणारे कुस्तो कोण होते? स्कुबा करताना जबडा का दुखतो?

मालवण-तारकर्लीत पहिल्यांदा स्कुबा करून आलेल्यांकडून मासे आणि प्रवाळांइतकीच एक तक्रार ऐकू येते, ती म्हणजे जबडा अवघडला. कारण असते रेग्युलेटरचे माउथपीस. सिलिंडरची हवा ज्यातून तोंडात येते तो दातांत धरायचा मऊ तुकडा. श्वास तिथूनच येणार हे ठाऊक असल्याने नवखा माणूस तो जीव खाऊन चावतो. पाण्याखाली विनासायास श्वास कसा घ्यायचा, या प्रश्नाने फ्रेंच नौदल अधिकारी जाक-इव्ह कुस्तो यांचे तरुणपण व्यापले होते.

व्हायचे होते वैमानिक, मग पाण्यात कसे गेले?

११ जून १९१० रोजी जन्मलेले कुस्तो नौदलात वैमानिक होण्याचे प्रशिक्षण घेत होते. मोटार अपघातात हात जायबंदी झाले आणि ते स्वप्न संपले. हातात बळ यावे म्हणून ते तुलाँजवळच्या समुद्रात पोहू लागले. सहकारी फिलिप ताइये यांनी दिलेला पोहण्याचा चष्मा लावून त्यांनी पाण्यात डोके घातले आणि तिथेच अडकले. पण दम रोखून किती वेळ राहणार? शुद्ध ऑक्सिजनचे उपकरण त्यांनी वापरून पाहिले. सुमारे १४ मीटरवर झटके आले, एकदा नव्हे, दोनदा. जास्त दाबाखाली ऑक्सिजनच विषारी ठरतो.

मार्न नदीत काय बिघडले?

पत्नी सिमोन यांचे वडील एअर लिक्विड या वायू कंपनीत वरिष्ठ पदावर होते. त्या ओळखीतून डिसेंबर १९४२ मध्ये पॅरिसला अभियंते एमिल गान्यां भेटले. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हते, म्हणून गान्यां यांनी गाड्या गॅसवर चालवण्यासाठी एक व्हॉल्व्ह केला होता. इंजिनाने ओढला तेवढाच गॅस द्यायचा, हे त्याचे काम. इंजिनाच्या जागी फुप्फुसे ठेवा, झाला रेग्युलेटर! (इंजिनीअरिंगला असे उदाहरण कुणी दिले असते, तर तो तास लक्षात राहिला असता.)

१० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. त्यामुळे हवाही त्याच दाबाने मिळावी लागते, नाही तर छाती फुगतच नाही. रेग्युलेटरमधल्या रबरी पडद्याला बाहेरून पाणी ढकलते. आपण श्वास ओढला की पडदा आत येतो, व्हॉल्व्ह उघडतो.

जानेवारी १९४३ मध्ये मार्न नदीत चाचणी झाली. आडवे असताना सगळे ठीक. उभे राहिले की हवा भसाभस वाया जाई, डोके खाली केले की श्वास जड होई. उच्छ्वासाचे तोंड पडद्यापासून दूर होते. थोड्याशा उंचीने दाब बदलत होता. दोन्ही शेजारी आणले आणि दोष गेला. जूनमध्ये बांदोलच्या किनाऱ्यावर कुस्तो समुद्रात उतरले, तेव्हा सिमोन पाण्यावर तरंगत त्यांच्यावर नजर ठेवून होत्या.

जबड्यावर भार कधी आला?

त्या ‘अ‍ॅक्वा-लंग’चा रेग्युलेटर पाठीवर असे. एका नळीने हवा तोंडाशी येई, दुसरीने उच्छ्वास पुन्हा पाठीमागे जाई. तोंडात फक्त माउथपीस. १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टेड एल्ड्रेड यांनी एका नळीचा ‘पॉरपॉइज’ आणला आणि श्वासाचा व्हॉल्व्ह थेट तोंडाशी आणून ठेवला. रचना साधी, दुरुस्ती सोपी. आज बहुतेक ठिकाणी हाच प्रकार दिसतो. पण व्हॉल्व्हचे वजन आणि नळीची ओढ दातांवर आली. कुस्तो यांच्या नावापुढे एल्ड्रेड आणि गान्यां झाकोळले गेले, हे मात्र खटकते.

कुस्तो यांचे पुढे काय झाले?

१९५० मध्ये त्यांना ‘कॅलिप्सो’ हे जहाज मिळाले. ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटाला १९५६ मध्ये कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पाठोपाठ ऑस्करही. त्याच चित्रपटात प्रवाळांत सुरुंग उडवलेला आणि शार्क मारलेले दिसतात. आज ते पाहवत नाही. १९६० मध्ये मात्र भूमध्य समुद्रात अणुकचरा टाकण्याविरुद्ध तेच उभे राहिले. १९७९ मध्ये मुलगा फिलिप विमान अपघातात गेला. १९९६ मध्ये सिंगापूरला कॅलिप्सो बुडाले आणि २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये कुस्तो यांचे निधन झाले.

मग माउथपीस कोणते घ्यावे?

रेग्युलेटर भाड्याचा असला तरी माउथपीस स्वतःचे नेता येते. बहुतेक रेग्युलेटरना ते बसते. दातांखाली येणारा भाग फार आखूड असेल तर पुढचे दात आवळावे लागतात. फार लांब असेल तर उमासे येतात. काही माउथपीस गरम पाण्यात मऊ करून चावले की दातांचा ठसा घेतात, मग घट्ट धरावे लागत नाही. हिरडी सोलवटत असेल तर कड मोठी आहे. नळी फार ताणलेली असेल, तर महागडे माउथपीसही उपयोगाचे नाही. आणि ते बदलल्यावर प्लास्टिकची बांधपट्टी पक्की आवळलेली हवी. ती सुटली तर माउथपीस दातांत राहते आणि रेग्युलेटर निघून हातभर दूर जातो. म्हणून उतरण्याआधी किनाऱ्यावरच एकदा ओढून पाहायचे.