डॉ. क्लारा स्वेन बाई
उत्तर हिंदुस्थानात पडद्यातील पुष्कळ बायका परपुरुष डॉक्टरास नाडीही दाखवीत नसत. औषध गावात असून त्या मरत. अशा बायकांकरिता डॉ. स्वेन बाई १८७० च्या जानेवारीत अमेरिकेहून बरेलीस आल्या. इस्पितळ नव्हते, त्या घरोघर जाऊन रोगी पाहत व अनाथगृहातील मुलींस वैद्यक शिकवीत. पुढे जागेची गरज पडली. मिशनलगतची हवेली रामपूरच्या नवाबांची होती. ते मुसलमान, मिशनऱ्यांस काय देणार, असेच आम्हांस वाटले असते. परंतु १८७१ मध्ये त्यांनी हवेलीसह सुमारे ४० एकर जमीन फुकट दिली! १८७४ मध्ये तेथे स्त्रियांचे इस्पितळ उघडले. १८८५ मध्ये बाई राजपुतान्यात खेतडीच्या राणीसाहेबांकडे गेल्या, व १९१० मध्ये अमेरिकेत वारल्या. बरेलीच्या इस्पितळास पुढे त्यांचेच नाव मिळाले.