शिकारीच्या मुक्कामातला राजा

मार्च १९२० मधील गोष्ट. कागल जहागिरीतील माणगाव या लहानशा गावी दक्षिण महाराष्ट्रातील बहिष्कृत वर्गाची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी होते परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले, अवघ्या अठ्ठावीस वर्षांचे डॉ. भीमराव आंबेडकर. २१ आणि २२ मार्च असे दोन दिवस चाललेल्या या परिषदेला कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज उपस्थित राहिले आणि अस्पृश्य समाजाला त्याचा स्वतःचा नेता मिळाला असल्याचे त्यांनी जाहीर केले. हा प्रसंग महाराष्ट्राला ठाऊक आहे. महाराज त्या दिवशी आले कोठून, हा तपशील मात्र सहसा मागे पडतो. ते राजवाड्यातून आले नव्हते. शिकारीचा मुक्काम मध्येच सोडून ते मुद्दाम माणगावला आले होते, आणि तसे त्यांनी सभेत सांगितलेही होते.

शाहू महाराजांच्या चरित्रात शिकार ही बाब बहुधा हौस म्हणून, एखाद्या परिच्छेदात उरकली जाते. कुस्ती, घोडे, हत्ती आणि शिकार अशी ती यादी असते. परंतु त्यांच्या आयुष्यातील काही महत्त्वाचे निर्णय, काही जिवाभावाची माणसे आणि सर्वांत मोठे दुःख ही सारी शिकारीच्या वाटेवरच भेटलेली दिसतात. या राजाला समजून घ्यायचे, तर राजवाड्याबाहेर पडून त्याच्या तंबूपर्यंत जावे लागते.

कागल ते कोल्हापूर

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव यांचा जन्म झाला. आईचे छत्र अगदी लहानपणीच हरपले. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि यशवंतरावांचे शाहू छत्रपती झाले. पुढे दोन वर्षांत वडील जयसिंगराव आबासाहेबही गेले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली.

धिप्पाड देह, अफाट ताकद आणि मोकळ्या हवेची ओढ हा त्यांचा पिंड होता. त्या काळी संस्थानिकाला शिकार येणे हे शिष्टाचाराचाच भाग मानले जाई. पाहुणा आलेला इंग्रज अधिकारी असो वा दुसरा राजा, त्याच्या सन्मानार्थ शिकार आयोजित केली जाई. महाराजांचे रान मात्र पाहुण्यांपुरते नव्हते. घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारणे आणि चित्त्याकरवी काळवीट पकडणे हे दोन प्रकार त्यांना विशेष प्रिय होते. पहिल्यात अंगबळाची कसोटी होती, दुसऱ्यात संयमाची.

चित्त्याची शिकार

चित्त्याकरवी हरणाची शिकार करण्याची परंपरा हिंदुस्थानात मोगलांच्या काळी भरभराटीला आली होती. विसाव्या शतकापर्यंत ती मोजक्याच संस्थानांत टिकली आणि त्यांत कोल्हापूरचे नाव अग्रभागी होते. देशातील चित्ता दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी थेट आफ्रिकेतून चित्ते आणवले.

ही शिकार मनात आले आणि निघाले, अशी होणारी नव्हती. पिके निघून रान मोकळे व्हावे लागे, कारण उभ्या पिकात चित्ता धावू शकत नाही. कळप कोणत्या माळावर चरतो, पाण्यावर केव्हा उतरतो, वारा कोणत्या बाजूने वाहतो, हे सांगणारी माणसे आधी पाठवावी लागत. मग तंबू, राहुट्या, घोड्यांचा दाणावैरण, स्वयंपाकाचे साहित्य, चित्त्यांसाठी मांस आणि माणसांसाठी पाणी अशी सारी जमवाजमव करून मुक्काम पडे, आणि तो काही दिवस हलत नसे.

चित्ता घडवणे हे त्याहून अवघड. पिंजऱ्यात त्याची पैदास होत नसे, आणि आईकडून शिकार न शिकलेले पिल्लू या कामी निरुपयोगी ठरे. म्हणून रानात वाढलेला, शिकार जाणणारा चित्ताच धरून माणसाळवावा लागे. चित्तेवान त्याच्या सोबत बसे, त्याला हाताने भरवी, माणसांच्या गजबजाटाची सवय करून देई. शिकारीच्या दिवशी त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीवर बसवीत. रोजच्या वाहतुकीची सवय असलेले कळप गाडीला फारसे बुजत नसत. पुरेसे अंतर उरले, की टोपी निघे आणि दोर सुटे. पुढचा खेळ क्षणांचा असे. काही शे मीटरच्या धावेत काळवीट हाती लागले नाही, तर चित्ता दमून थांबे आणि त्या दिवशी त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नसे. काळवीट लोकव्यवहारात हरीणच मानले जात असले, तरी प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ते हरणांच्या कुळातले नव्हे. त्याची शिंगे दरवर्षी झडत नाहीत. वेगात मात्र भारतातील फार थोडे प्राणी त्याची बरोबरी करू शकतात.

म्हणजे राजाच्या या खेळाचा सारा भार रान जाणणाऱ्या माणसांवर होता. माग काढणारे, हाकारे, वाटाडे, चित्तेवान, मोतद्दार यांच्याशिवाय शिकार उभीच राहत नसे. आणि यांतील कित्येक जण अशा समाजांतले होते, ज्यांना गावात मानाने उभे राहण्याची मुभा नव्हती.

रान कोणाचे?

याच सुमारास रानाच्या मालकीचा प्रश्न सर्वत्र तीव्र झाला होता. १८७८ च्या वन कायद्याने ब्रिटिश मुलखात राखीव जंगले अस्तित्वात आली आणि तेथील शिकार सरकारी नियमांच्या कक्षेत आली. ठाणे जिल्ह्यात, शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात, डोळखांबसारख्या गावांभोवतीच्या रानावर जगणारे ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी यांना पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट सोडून नियमांकडे पाहावे लागले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी वन आयोग नेमावा लागला. संस्थानी मुलखात परवान्याचा प्रश्न राजापुरता नव्हताच. तेथे राजाची इच्छा हाच परवाना होता.

या व्यवस्थेतला सर्वांत दुर्दैवी घटक म्हणजे फासेपारधी. पारध हाच त्यांचा धर्म आणि तेच पोट. फासे लावून हरणे, तितर पकडावेत, बैलाच्या आडोशाने कळपाजवळ सरकावे, ही त्यांची विद्या. त्यांच्याच समाजातील एक शाखा चित्ते पाळून शिकार करी, म्हणून ती चितापारधी या नावाने ओळखली जाई. परंतु १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा भटक्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची वाट उघडली. जी विद्या राजाच्या मुक्कामात कौतुकाचा विषय होती, तीच पारध्याच्या पालात संशयाचे कारण ठरली.

शाहू महाराजांचे वेगळेपण येथे दिसते. ज्यांच्या नजरेच्या जोरावर शिकार होते, त्यांना मुक्काम उठताच विसरून जाणे त्यांना जमले नाही. कोल्हापूरजवळच्या सोनतळी येथील तळावर त्यांनी फासेपारध्यांना आसरा दिला, काम दिले आणि पहाऱ्यासारखी विश्वासाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. ज्यांना पाहून लोक दाराला कडी लावीत, ते लोक छत्रपतींच्या तळावर राखणीला उभे राहू लागले. सुधारणेवरील शंभर भाषणांनी जे झाले नसते, ते या एका कृतीने रयतेला दाखवून दिले.

सोनतळीचा तळ

महाराजांचे मन राजवाड्यात फारसे रमत नसे. सोनतळी हे त्यांचे आवडते ठिकाण. तेथे घोडे होते, जनावरे होती आणि भेटीला येणाऱ्या साध्या माणसांना दरबारी रिवाजाची आडकाठी नव्हती. पूर्वी राजाच्या पागेत काम केलेल्या गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थाला महाराजांनी कोल्हापुरात चहाचे दुकान घालण्यास मदत केली. मग फेरफटक्याला निघाल्यावर आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवून ते स्वतः तेथला चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यायला लावीत.

हा साधेपणा राज्यकारभारात उतरलेला होता. १८९९ च्या वेदोक्त प्रकरणाने जातीय अहंकार छत्रपतींनाही सोडत नाही, हे त्यांनी अनुभवले होते. २६ जुलै १९०२ रोजी, स्वतः इंग्लंडमध्ये असताना, त्यांच्या आदेशाने संस्थानातील रिक्त होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. वसतिगृहे निघाली, प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचे काम सुरू झाले.

१९१८ चे वर्ष

१९१८ च्या जून महिन्यात शिकारीने राजाकडून आपली किंमत वसूल केली. महाराजांचे धाकटे चिरंजीव, राजपुत्र शिवाजी, रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. वय अवघे एकोणीस. विवाहाला जेमतेम एक वर्ष झाले होते आणि मागे राहिलेल्या इंदुमतीदेवी अद्याप बालवयातच होत्या. ज्या खेळाची गोडी पित्याने मुलाला लावली, त्याच खेळाने मुलाला नेले. याहून दारुण दैवदुर्विलास पित्याच्या वाट्याला क्वचितच येतो.

या आघाताने महाराज आतून खचले. परंतु त्याच वर्षाचे संस्थानचे आदेश पाहिले, तर थक्क व्हायला होते. पुत्रवियोगाच्या पाठोपाठ, त्याच महिन्यात, महारांना पिढ्यान्‌पिढ्या वेठीला जुंपणारी महार वतनाची पद्धत रद्द करण्यात आली. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांना गावच्या अधिकाऱ्याकडे जी हजेरी द्यावी लागे, तीही याच वर्षी बंद झाली. दुःखामुळे हे निर्णय झाले, असे म्हणणे सोपे ठरेल, पण खरे ठरणार नाही. त्यांची बैठक कैक वर्षे आधीच तयार झालेली होती. घरात दुःख असताना राजाने हे काम थांबवले नाही, एवढे मात्र निश्चित.

बालविधवा सुनेच्या बाबतीतही त्यांनी रूढीपुढे मान तुकवली नाही. राजघराण्यातील विधवेने पडद्याआड आयुष्य कंठावे, हा त्या काळचा दंडक होता. महाराजांनी इंदुमतीदेवींच्या शिक्षणाची व्यवस्था सोनतळीलाच केली आणि सोबतीला निरनिराळ्या जातींतील मुली ठेवल्या. शिकारीसाठी गाजलेला तळ अशा रीतीने एका विधवा मुलीची शाळा झाला. पुढे इंदुमतीदेवींनी कोल्हापुरात स्त्रीशिक्षणासाठी दीर्घकाळ काम केले.

शिकारीतून परिषदेला

ही सारी पार्श्वभूमी ध्यानात घेतली, म्हणजे माणगावच्या प्रसंगाचा अर्थ अधिक उलगडतो. त्या वर्षीच्या ३१ जानेवारीला डॉ. आंबेडकरांनी मूकनायक हे पाक्षिक सुरू केले होते आणि त्यासाठी महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. माणगावात महाराजांनी आंबेडकरांचा गौरव केलाच, शिवाय रजपूतवाडीच्या तळावर भोजनास येण्याचे जाहीर निमंत्रणही दिले. छत्रपतींनी अस्पृश्य पुढाऱ्याला आपल्या पंगतीला बोलवावे आणि तेही भर सभेत, ही त्या काळी साधी बाब नव्हती. मुलाच्या मृत्यूनंतरही ते शिकारीला जात राहिले होते. पण काळवीट आणि परिषद यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा ती करायला त्यांना वेळ लागला नाही.

त्यानंतर त्यांना दोनच वर्षे लाभली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

मागे उरलेले रान

चित्त्याची शिकार राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतही कोल्हापुरात होत राहिली. पण देशातील चित्त्याचे दिवस भरले होते. मध्य भारतातील कोरिया संस्थानात १९४७ साली तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ मध्ये हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी स्वतंत्र भारताने गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट संरक्षित झाले आणि राजाचा भाला व पारध्याचा फासा दोन्ही एकाच वेळी बेकायदा ठरले. राजांच्या वंशजांना त्याने काही फरक पडला नाही. पारध्यांची मात्र भाकरी गेली, आणि कागदावरून पुसला गेलेला संशय लोकांच्या नजरेतून अजूनही पुरता गेलेला नाही. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे नामिबियातून आठ चित्ते आणून सोडण्यात आले. चित्त्याच्या पुनर्वसनाचा प्रयत्न निदान सुरू झाला, असे म्हणता येते.

महाराजांच्या आवडत्या रानाला अधिक बरे दिवस आले. दाजीपूरचे जंगल १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्रातील ते पहिले अभयारण्य. पुढे त्याचा विस्तार होऊन ते राधानगरी अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. महाराजांनी हाती घेतलेल्या आणि त्यांच्या पश्चात पूर्ण झालेल्या धरणाचे पाणी याच रानाच्या कुशीत साठते. तेथून ते खाली उसाच्या मळ्यांकडे जाते.

राजवाड्यात आजही शिकारीच्या आठवणी जपलेल्या आहेत आणि पर्यटक त्या कुतूहलाने पाहतात. सोनतळीच्या राखणीला उभ्या राहिलेल्या पारध्यांची तसबीर मात्र बहुतेकांना आठवत नाही. शाहू महाराजांच्या शिकारीची खरी मिळकत तीच होती.