दारूने मोडलेल्या घरातला संत

संत गाडगेबाबांचे नाव निघाले की डोळ्यांसमोर येतो तो खराटा. राज्य शासनाने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केल्यापासून तर ही प्रतिमा अधिकच पक्की झाली. त्यात गैर काही नाही. मात्र बाबांच्या आयुष्यात पहिली घाण आली ती रस्त्यावरच्या कचऱ्याची नव्हे, घरात शिरलेल्या दारूची. त्यांच्या चरित्राचा हा भाग स्वच्छतेच्या गौरवात काहीसा मागे पडला आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट समाजात झाला. घरी थोडीफार शेती होती. पण देवाला बोकड आणि पंगतीला दारू यांशिवाय कुळाचार पुरा होत नसे. असल्या पंगतींतून झिंगराजींना दारूची सवय जडली आणि ती सुटली नाही. घर गेले, शेत गेले, प्रकृती गेली. १८८४ मध्ये झिंगराजी वारले तेव्हा डेबू आठ वर्षांचा होता. मुलाला या पंगतींपासून दूर ठेव, असे त्यांनी मरणापूर्वी पत्नीला बजावल्याचे चरित्रकार सांगतात. आसरा उरला नाही म्हणून सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरच्या गावी आल्या.

आजोळी डेबूने गुरे राखली, नांगर धरला. अक्षरओळख मात्र झाली नाही. पुढे मामा चंद्रभान यांची जमीन सावकाराच्या कागदांत अडकली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. वडिलांचे घर दारूने गेले, मामांचे कर्जाने. व्यसन आणि कर्ज ही दोन निराळी दुखणी नसून एकाच घरात ती हातात हात घालून येतात, हे त्यांना कोणा पंडिताकडून शिकावे लागले नाही.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पहिली मुलगी आलोका हिच्या बारशाला भाऊबंद जमले ते नेहमीच्या अपेक्षेने. डेबूजींनी दारू आणि मटण दोन्ही नाकारून गोडाचे जेवण वाढले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. जातीच्या पंगतीवर माणसाचे गावातले स्थान ठरत असे त्या काळात, तेही सावकारीने गांजलेल्या कुटुंबातील तरुणाने असे करणे किरकोळ नव्हते. दारुड्याला शिव्या देऊन भागत नाही, ज्या रिवाजाच्या आडून दारू घरात येते तो रिवाजच मोडावा लागतो, ही त्यांची पुढील आयुष्यभराची रीत इथेच दिसते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, हाती खराटा आणि मातीचे फुटके गाडगे. त्यावरूनच लोकांनी त्यांना नाव दिले. गावात शिरले की दिवसभर झाडलोट आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन, असा क्रम असे. हे कीर्तन रूढ अर्थाने कीर्तन नव्हतेच. वऱ्हाडी बोलीत बाबा प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घेत. दारू पिऊ नका, कर्ज काढून लग्न करू नका, देवापुढे बोकड मारू नका, पोरांना शाळेत घाला, शिवाशीव पाळू नका, हे सारे एकाच ओघात येई. मोठेपण कोण्या देवाला न देता ते पिणाऱ्याच्या घरातली बायको आणि उपाशी लेकरे लोकांपुढे उभी करीत. पायांवर डोके ठेवू पाहणाऱ्याला मात्र ते जवळ येऊ देत नसत.

आजच्या वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने व्यसन हा आजार आहे. बाबांच्या कीर्तनात तसा विचार नव्हता आणि तशी अपेक्षा करणेही योग्य नाही. तथापि व्यसनाचा घाव पिणाऱ्याइतकाच घरच्यांवर बसतो, हे त्यांनी ओळखले होते. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले ते १९८६ मध्ये. तिथे उपचारात कुटुंबीयांनाही सामील करून घेतले जाते. तोवर बाबांना जाऊन तीस वर्षे झाली होती.

कीर्तनातून जमलेला पैसा त्यांनी धर्मशाळा, घाट, वसतिगृहे, सदावर्ते यांत घातला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी होती. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. स्वतःच्या कुटुंबाला या संस्थांचा लाभ होऊ नये याकडे मात्र त्यांचा कटाक्ष असे. १९२३ मध्ये मुलगा गोविंद पिसाळलेला कुत्रा चावून गेल्याची वार्ता त्यांना कोकणात कळली, तरी कीर्तन थांबले नाही. या निष्ठेचे गोडवे पुष्कळ गायले गेले. कुंताबाईंच्या वाट्याला काय आले, याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही.

भंडाऱ्याजवळ कारधा येथे पुलाखालून जाणारी वैनगंगा पुढे गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली. पलीकडच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. कायदा आज आहे, उद्या नाही. राज्यात एखाद्या गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी निम्म्याहून अधिक महिला मतदारांचा कौल ग्राह्य धरला जातो. सखुबाईंच्या काळी असा कौल विचारणारे कोणी नव्हते.

१९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्रे येथे पोलिसांपुढे बाबांचे शेवटचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेले जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांची प्राणज्योत मालवली. जिथे मरण येईल तिथेच अंत्यसंस्कार करावेत, समाधी, मूर्ती वा मंदिर उभारू नये, अशी त्यांची इच्छा होती. अमरावतीत गाडगेनगरला त्यांची समाधी आहे.