बर्था बेंझ : माहेरच्या वाटेवरची पहिली टेस्ट राईड

बेंझ हे नाव घेतलं की डोळ्यांसमोर काय येतं? तीन टोकांचा तो चमकता तारा आणि मागच्या सीटवर बसलेला कुणीतरी बडा माणूस. पण आपल्या आजोबांच्या पिढीतल्या एखाद्या ड्रायव्हरला विचारलं तर तो ट्रकबद्दल सांगेल. १९५४ साली टेल्कोने डायम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. १९६९ पर्यंत त्या ट्रकच्या नाकावर हाच तारा होता. घाटात बंद पडलेला ट्रक रस्त्याच्या कडेला दगड लावून तिथेच दुरुस्त करणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. मला सांगायचंय ते अशा रस्त्यावरच्या दुरुस्तीच्या पहिल्या मानकऱ्याबद्दल. ती एक बाई होती, तिच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती आणि ती माहेरी निघाली होती.

बर्था रिंगरचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतल्या फोर्त्सहाइम या गावी झाला. वडील बांधकामाच्या धंद्यातले, घरची परिस्थिती उत्तम. पोरगी हुशार, यंत्रांची आवड असलेली. पण त्या काळी मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती. तिच्या बाडेन राज्यात ती उघडली १९०० साली, म्हणजे ती पन्नाशी ओलांडल्यावर. आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, तरी आम्हाला निदान लेथसमोर उभं राहता येतं. बर्थाला तेही नव्हतं.

१८६९ मध्ये एका सहलीत तिची ओळख कार्ल बेंझ या तरुणाशी झाली. कार्लकडे पैसा नव्हता, डोक्यात मात्र एकच वेड होतं : घोड्याशिवाय चालणारी गाडी. १८७१ साली त्याने मानहाइम शहरात भागीदारीत वर्कशॉप काढलं. भागीदार भरवशाचा निघाला नाही. तेव्हा बर्थाने लग्नात मिळणारी रक्कम लग्नाआधीच वडिलांकडून मागून घेतली आणि भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. म्हणजे बघा, नवरा अजून व्हायचा होता आणि ही त्याच्या कारखान्यात स्वतःचं स्त्रीधन ओतून बसली होती! १८७२ मध्ये लग्न झालं. पुढची वर्षं हलाखीची गेली. १८७३ च्या मंदीनंतर धंदा कर्जात बुडाला, घरात एकेक मूल वाढत होतं आणि इंजिन काही चालू होत नव्हतं.

फोर-स्ट्रोकचं पेटंट ऑटोकडे असल्यामुळे कार्ल टू-स्ट्रोकवर झगडत होता. अखेर १८७९ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री दोघं जेवण उरकून पुन्हा वर्कशॉपमध्ये गेले आणि त्या रात्री इंजिन एकदाचं धडधडायला लागलं. तिथून गाडीपर्यंत पोहोचायला आणखी सहा वर्षं लागली. २९ जानेवारी १८८६ रोजी कार्लने तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. एक सिलिंडर, ९५४ सीसी, फोर-स्ट्रोक आणि ताकद एक हॉर्सपॉवरपेक्षाही कमी. आजची आपली साधी बाईकसुद्धा तिच्यापेक्षा कितीतरी पट दमदार आहे.

गाडी झाली, पेटंट झालं, पण घेणार कोण? लोकांना ती धूर सोडणारी, फटफटणारी गंमत वाटे. कार्ल स्वभावाने परफेक्शनिस्ट, सतत काहीतरी सुधारत बसणारा. गाडी गावाबाहेर लांब नेऊन दाखवायची त्याची तयारी नव्हती. बर्थाला मात्र स्पष्ट दिसत होतं की पेटंटच्या कागदाने पोट भरत नाही. गाडी विकली गेली नाही तर तिचे पैसे, तिची तारुण्याची सोळा वर्षं आणि मुलांचं भविष्य, सगळंच पाण्यात जाणार होतं.

ऑगस्ट १८८८ च्या सुरुवातीला एका पहाटे, कार्ल झोपेत असताना, तिने पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड यांना घेतलं, गाडी घराजवळ आवाज न करता ढकलत बाहेर काढली आणि निघाली. कुठे, तर माहेरी फोर्त्सहाइमला. अंतर सुमारे १०५ किलोमीटर. वाटेत पेट्रोल पंप नाही, गॅरेज नाही, पाट्या नाहीत, रस्ते बैलगाडी-घोडागाडीचे. इतकी लांब मजल मोटारीने कुणी मारलीच नव्हती.

आता खरी गंमत सुरू होते. सगळ्यात आधी इंधन संपत आलं. गाडीत मावायचं सुमारे साडेचार लिटर, आणि ती चालायची लिग्रोइन नावाच्या द्रवावर, जे तेव्हा कपड्यांचे डाग काढायला वापरत. ते मिळायचं औषधांच्या दुकानात. वीसलोख गावच्या औषधवाल्याकडून तिने ते घेतलं, आणि ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं! मग पाणी. आजच्यासारखा बंद रेडिएटर नव्हता, सिलिंडरभोवतीचं पाणी उकळून वाफ होऊन जायचं. त्यामुळे विहीर, ओढा, खाणावळ, जिथे मिळेल तिथे थांबून पाणी भरायचं.

इंधनाच्या नळीत कचरा अडकला, तेव्हा तिने टोपीची लांब पिन काढून नळी साफ केली. इग्निशनच्या वायरचं आवरण घासून गेलं, तेव्हा मोजे बांधायची इलॅस्टिकची पट्टी गुंडाळून इन्सुलेशन केलं. ड्राईव्हची चेन सैल पडली, तर ब्रुखसालच्या लोहाराकडून ती नीट करून घेतली. चढ आला की गाडीचा दम संपे, मग पोरं खाली उतरून ढकलत. उतारावर तर उलटी आफत, लाकडी ब्रेक झिजून गेले. तिने एका मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची ती सुरुवात मानली जाते.

या सगळ्यात मला सर्वात भावली ती तिची निदानाची पद्धत. गाडी बंद पडली की आपण काय करतो? जे हाताला लागेल ते खोलत सुटतो. लांबच्या प्रवासाआधी जुन्या ट्रकखाली तेलाचा डाग दिसला की नवखा माणूस लगेच चेंबरचं पॅकिंग बदलायला घेतो. मुरलेला मिस्त्री तसं करत नाही. कारण तेल जिथून टपकतं तिथूनच ते गळत असतं असं नाही. ते वरून ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरतं. म्हणून तो आधी डिपस्टिकने तेल किती कमी झालंय ते बघतो, इंजिन धुऊन कोरडं करतो, थोडा वेळ चालू ठेवतो आणि बॅटरीच्या उजेडात सगळ्यात वरचा, सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधतो. मग कळतं की दोष टॅपेट कव्हरच्या पॅकिंगचा आहे, फिल्टरच्या सीलचा आहे, की क्रँकच्या मागच्या सीलचा, ज्यासाठी गिअरबॉक्सच उतरवावा लागतो. कधी तर ब्रीदर तुंबलेला असतो आणि आतल्या दाबाने चांगली पॅकिंगसुद्धा तेल सोडायला लागतात. तेव्हा नवं पॅकिंग टाकून काही उपयोग नाही, ब्रीदर साफ करायला हवा.

बर्थाच्या गाडीत असा प्रश्नच नव्हता, कारण तिचा क्रँक उघडाच होता. तेल थेंबाथेंबाने आत पडायचं आणि काम झालं की रस्त्यावर गळून जायचं. गळती हाच तिथला नियम! पण विचाराची रीत तीच : इंजिन मरतंय, तर इंधन पोहोचतंय का, ठिणगी पडतेय का, एकेक गोष्ट तपासत मुळाशी जायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सोळा वर्षं वर्कशॉपमध्ये नवऱ्याच्या शेजारी उभं राहून तिने ते उचललं होतं.

अंधार पडता पडता तिघं फोर्त्सहाइमला पोहोचली आणि कार्लला तार गेली. काही दिवसांनी ती दुसऱ्या वाटेने त्याच गाडीने परत आली. येताना तिच्याकडे खरोखरचा टेस्ट रिपोर्ट होता : चढासाठी आणखी एक खालचा गिअर हवा, ब्रेकला चामडं हवं. कार्लने या सुधारणा केल्या. गावोगावच्या लोकांनी गाडी डोळ्यांनी पाहिली होती, चर्चा झाली. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. १८९४ च्या वेलो या मॉडेलच्या सुमारे १२०० गाड्या बनल्या आणि शतक संपता संपता बेंझचा कारखाना जगातला सर्वात मोठा मोटार कारखाना झाला.

पुढचं थोडक्यात. १९०३ साली मतभेदांमुळे कार्ल कंपनीच्या कारभारातून बाजूला झाला, १९०६ मध्ये लाडेनबुर्गला मुलांबरोबर नवा कारखाना काढला. १९२६ मध्ये डायम्लर आणि बेंझ एकत्र आले. १९२९ साली कार्ल गेला. बर्था त्यानंतरही पंधरा वर्षं जगली. ज्या कार्लस्रूच्या संस्थेत कार्ल शिकला होता, तिने बर्थाला ९५ व्या वाढदिवशी मानद सिनेटरपद दिलं. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, ती गेली. पेटंटवर तिचं नाव कधीच आलं नाही. तिने गाडीने कापलेल्या वाटेला मात्र २००८ पासून तिचं नाव आहे.

आपण चार वर्षं थिअरी, प्रॅक्टिकल आणि सबमिशनच्या चक्रात फिरतो. जर्नल पूर्ण असलं की प्रोजेक्ट झाला असं समजतो. मला वाटतं, आपलं मशीन एकदा तरी लॅबच्या बाहेर, खड्ड्यांच्या रस्त्यावर काढायला हवं. बंद पडेल, हसतील लोक. पण ते का बंद पडलं हे शोधून, त्यात काय बदलायचं याची यादी घेऊन जो परत येतो, त्यालाच मी इंजिनिअर म्हणेन. मग त्याच्या हातात पाना असो, नाहीतर टोपीची पिन.