विश्लेषण : ताऱ्यांचे गणित सोडवणारे मेघनाद साहा नद्यांकडे का वळले?

ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान ओळखण्याचा मार्ग दाखवणारे शास्त्रज्ञ म्हणून मेघनाद साहा (१८९३-१९५६) जगाला माहीत आहेत. मात्र याच शास्त्रज्ञाने आयुष्याची तीसहून अधिक वर्षे बंगालच्या पुराचा पाठपुरावा केला. स्वतंत्र भारतातील पहिला मोठा नदीखोरे प्रकल्प उभा राहिला, त्यामागे त्यांचा अभ्यास होता. त्यांनी काय मांडले आणि त्यातले किती प्रत्यक्षात आले?

पुराशी पहिली ओळख कुठे झाली?

साहा यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या सेवडातली गावात झाला. हा भाग आता बांगलादेशात आहे. पावसाळ्यात तिथली गावे बेटांसारखी होतात आणि होडीशिवाय पान हलत नाही. वडिलांचे किराणा मालाचे छोटे दुकान होते आणि घरात आठ मुले. पुढच्या शिक्षणासाठी मेघनाद गावापासून दूर, एका डॉक्टरांच्या आश्रयाने राहिले. त्या बदल्यात गायीची देखभाल करायची आणि आपले ताट आपण धुवायचे, असे ठरले होते. कोलकात्याच्या वसतिगृहातही जातीमुळे त्यांना अपमान सोसावा लागला. १९२० मध्ये त्यांचे आयनीभवनाचे समीकरण प्रसिद्ध झाले आणि जगभर नाव झाले. १९२७ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

१९२२ च्या पुरात काय दिसले?

सप्टेंबर १९२२ मध्ये उत्तर बंगालमध्ये महापूर आला. रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी मदत समिती उभारली आणि साहा तिच्या कामात उतरले. धान्य, कपडे आणि पैसे गोळा करत असताना पुढे आलेला एक प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला. पाऊस तर निसर्गाचा. पण पाणी इतके दिवस शेतात का थांबले? रेल्वेमार्गासाठी मातीचे उंच भराव घातले होते आणि पाणी जाण्यासाठी त्यांत पुरेशा मोऱ्या नव्हत्या, असा आक्षेप तेव्हा घेतला जात होता. संकटाचा एक भाग माणसाच्या हातचा असेल, तर तो मोजता येईल आणि दुरुस्तही करता येईल, ही साहा यांच्या पुढच्या कामाची दिशा ठरली.

नदीसाठी प्रयोगशाळा कशाला?

तोपर्यंत पूर आला की बांध उंच करायचा, हीच रीत होती. साहा यांचा आग्रह वेगळा होता. आधी पाऊस, प्रवाह आणि गाळ यांची वर्षानुवर्षे मोजणी करावी. मग नदीची लहान प्रतिकृती करून तिच्यात पाणी सोडून पाहावे आणि त्यानंतरच बांधकाम करावे. मुंबई इलाख्यात असे संशोधन १९१६ पासून सुरू होते. आजची खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था त्यातूनच वाढली. बंगालसारख्या नद्यांच्या प्रांतात मात्र अशी सोय नव्हती. १९३२ मध्ये साहा यांनी अशा प्रयोगशाळेची मागणी लेखातून मांडली. १९३४ मध्ये मुंबईत भारतीय विज्ञान काँग्रेस भरली, तेव्हा अध्यक्षपदावरूनही त्यांनी पुराचा विषय काढला. १९३५ मध्ये सुरू केलेल्या ‘सायन्स अँड कल्चर’ मासिकातून ते सातत्याने नद्यांवर लिहीत राहिले.

दामोदर नदीचा प्रश्न काय होता?

दामोदर छोटा नागपूरच्या पठारावरून वेगाने उतरते आणि बंगालच्या सपाट भातशेतीत येऊन पसरते. तिला ‘बंगालचा शोक’ म्हणत. डाव्या तीरावर रेल्वे, ग्रँड ट्रंक रोड आणि बर्दवान शहर आहे. ते वाचावेत म्हणून १८५० च्या दशकात उजव्या तीरावरचा सुमारे ३२ किलोमीटरचा बांध काढून टाकण्यात आला. म्हणजे एका तीराच्या सुरक्षिततेची किंमत दुसऱ्या तीरावरची गावे चुकवत होती. बांधाआडच्या शेतांचेही भले झाले नाही. पुराबरोबर येणारा सुपीक गाळ थांबला, साचलेल्या पाण्याने हिवताप वाढला, असे आरोग्य अधिकारी चार्ल्स बेंटली यांनी १९२५ मध्ये मांडले होते.

१९४३ नंतर काय घडले?

जुलै १९४३ मध्ये दामोदरचा डावा बांध फुटला. रेल्वेमार्ग तुटला आणि महायुद्धाच्या धामधुमीत कोलकात्याचा उत्तर भारताशी संपर्क खंडित झाला. बंगालमध्ये तेव्हा दुष्काळाने माणसे मरत होती. आता सरकारला हलावे लागले. बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि साहा तिचे सदस्य झाले. अमेरिकेत १९३३ पासून टेनेसी नदीचे संपूर्ण खोरे एकाच प्राधिकरणाकडे दिले होते. तोच मार्ग साहा यांनी दामोदरसाठी सुचवला. पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा विचार एकत्र व्हावा, बांध नव्हे तर खोरे हा नियोजनाचा घटक असावा, असे त्यांचे म्हणणे होते.

व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात सिंचन आणि विजेचा विषय मजूर खात्याकडे होता आणि खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी ३ जानेवारी १९४५ रोजी कोलकात्यात बंगाल व बिहार सरकारांची बैठक घेऊन योजनेला चालना दिली. टेनेसी प्राधिकरणाचे अभियंते व्हूरड्विन यांनी आराखडा केला आणि ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले.

आराखड्यातले किती उतरले?

मूळ आराखड्यात आठ धरणे होती. १० लाख क्युसेकचा पूर २.५ लाख क्युसेकपर्यंत उतरवणे, हे उद्दिष्ट होते. महामंडळाने मात्र चारच धरणे बांधली : तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत. मैथन आणि पंचेतसाठी ठरल्याप्रमाणे पूर्ण जमीनही संपादित झाली नाही, त्यामुळे पूर सामावण्याची जागा कमी पडली. तरीही हजारो कुटुंबे उठवली गेली. त्यांत अनेक संथाळ आदिवासी होते. १९५९ मध्ये पंचेतच्या उद्घाटनाची कळ एका संथाळ मजूर मुलीकडून दाबून घेण्यात आली. वीज आणि कालव्यांचा लाभ मुख्यतः खालच्या भागाला आणि उद्योगांना मिळाला; घरे-शेते मात्र वरच्या भागातल्यांची बुडाली. बांधांमुळे होणारा अन्याय दूर करायला निघालेल्या योजनेत नवा अन्याय शिरला, हे या कहाणीतले न टाळता येणारे सत्य आहे.

साहा यांनी यातले सगळे पाहिले नाही. १९५२ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. तेव्हा मैथन आणि पंचेत पूर्ण व्हायची होती.

आज साहा यांचे महत्त्व काय?

१९७८ मध्ये दामोदरच्या खालच्या खोऱ्यात पुन्हा महापूर आला. आजही पावसाळ्यात धरणांतून पाणी किती आणि कधी सोडायचे, यावर पश्चिम बंगाल सरकार आणि महामंडळ यांच्यात वाद होतात. धरणांत गाळ साचतो आहे आणि खालच्या पात्राची वहनक्षमता घटली आहे. नदीची मोजणी अखंड चालू ठेवावी आणि तिच्याकडे उगमापासून मुखापर्यंत एकसंध पाहावे, हा साहा यांचा आग्रह म्हणूनच जुना झालेला नाही. त्या हिशेबात बुडणाऱ्या गावांची बाजूही मांडावी लागते, ही शिकवण मात्र त्यांच्या योजनेच्या अनुभवातून पुढच्या पिढ्यांना मिळाली.