तीस रेघांचा माणूस

होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये मॅच चालू असताना चित्र जरा खराब झालं की केवढा आरडाओरडा होतो! आपल्या डोळ्यांना १०८० रेघांच्या चित्राची सवय. पण फक्त ३० रेघांत माणसाचा चेहरा जगाला दाखवणारा एक इंजिनिअर होऊन गेला, जॉन लॉगी बेअर्ड. आणि पुढे रेघांच्याच शर्यतीत तो हरला.

बेअर्डचा जन्म १३ ऑगस्ट १८८८ चा, स्कॉटलंडमधल्या हेलेन्सबर्गचा. ग्लासगोला इलेक्ट्रिकल शिकला, पण पहिलं महायुद्ध आलं आणि युनिव्हर्सिटीची डिग्री राहूनच गेली. (बॅकलॉगवाल्यांनी लगेच खूश होऊ नये.) तब्येत कायमची नाजूक, म्हणून सैन्यातही घेतलं नाही. मग मोजे विकले, त्रिनिदादला जाऊन जॅम केला, साबण विकला. कशातच जम बसला नाही.

१९२३ मध्ये हेस्टिंग्ज गावी त्याने टेलिव्हिजनचा ध्यास घेतला. सामान काय? चहाचं खोकं, टोपीचा डबा, रफूच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगं, लाख आणि सरस. गोल चकतीवर गोगलगाईसारख्या वळणात भोकं. चकती फिरली की एकेक भोक चित्राची एकेक रेघ काढतं. एकदा जबर शॉक बसला, तर घरमालकाने बाहेरच काढलं!

२ ऑक्टोबर १९२५ ला लंडनमध्ये बाहुल्याचं डोकं पडद्यावर नीट दिसलं. बेअर्ड धावत खाली गेला आणि ऑफिसातल्या विल्यम टेन्टन नावाच्या पोराला ओढून यंत्रापुढे बसवलं. टीव्हीवर दिसलेला तो पहिला माणूस. योगायोग बघा, मुंबई दूरदर्शनही २ ऑक्टोबरलाच सुरू झालं, १९७२ साली. पण ते ६२५ रेघांचं. पांढरकवड्यात आपल्या वडीलधाऱ्यांनी छपरावर अँटेना फिरवून मुंग्यांसकट जे चित्र पकडलं, तेही ६२५ चंच.

१९२९ पासून बीबीसीवरून बेअर्डचं प्रक्षेपण सुरू झालं. ३० उभ्या रेघा, सेकंदाला साडेबारा चित्रं. चेहरा ओळखू यायचा, पण लुकलुकायचा फार. रेघा वाढवाव्यात तर बँडविड्थ लागते. दोन्ही बाजूंनी बारकावा दुप्पट केला की ती चौपट होते. रेडिओच्या मीडियम वेव्हवर एवढी जागा आणायची कुठून?

नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीने खरी परीक्षा घेतली. एक आठवडा बेअर्डची २४० रेघांची पद्धत, पुढचा आठवडा मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेघांची. बेअर्डकडे सेकंदाला २५ पूर्ण चित्रं. समोरच्यांनी आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या, असं चित्र अर्धं-अर्धं पाठवलं. पडदा सेकंदाला ५० वेळा उजळला, लुकलुक कमी झाली. शिवाय त्यांचा इलेक्ट्रॉनिक कॅमेरा कुठेही नेता यायचा. बेअर्डच्या एका पद्धतीत आधी फिल्म काढायची, जागच्या जागी धुवायची आणि मग ती स्कॅन करायची! कॅमेरा बिचारा जागेवरून हलायचा नाही. त्यात ३० नोव्हेंबरला क्रिस्टल पॅलेस जळालं आणि त्याची तिथली प्रयोगशाळाही गेली. फेब्रुवारी १९३७ मध्ये निकाल लागला. ४०५ रेघा ब्रिटनमध्ये १९८५ पर्यंत चालल्या.

माझ्या मते चकतीचा मोह त्याने फार उशिरा सोडला. पण सोडला हे खरं. १९४४ मध्ये त्याने ६०० रेघांचं रंगीत चित्र दाखवलं, तेही फिरती चकती न वापरता, पूर्ण इलेक्ट्रॉनिक ट्यूबवर. ऐन युद्धात, स्वतःचे पैसे घालून.

युद्धात बंद पडलेला बीबीसीचा टीव्ही ७ जून १९४६ ला परत सुरू झाला, ४०५ रेघांवर. बेअर्ड तेव्हा बेक्सहिलला अंथरुणाला खिळलेला होता. १४ जूनला तो गेला.